लळिंगच्या डोंगरावर आधी वाट आणि पाणी करा, बाकी सगळं नंतर

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

धुळ्यात राहणाऱ्या माणसाला रविवारी पोराबाळांना घेऊन कुठे जायचं म्हटलं की फार काही सुचत नाही, पांझरेकाठ झाला, नकाणे तलाव झाला, मग परत मोबाईल आणि टीव्ही. पण मुंबई-आग्रा हायवेने मालेगावच्या दिशेला निघालं की अवधान एमआयडीसी मागे पडते ना पडते तोच समोर लळिंगचा किल्ला दिसायला लागतो, शहरापासून दहाएक किलोमीटर, सकाळी लवकर निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी. आमच्या देवपूरच्या कॉलनीतल्या आम्ही काही बायका आणि आमची पोरं अधूनमधून तिथे जात असतो आणि हे पत्र त्याचबद्दल आहे. म्हणणं एकच आहे. लळिंगसाठी कधी पैसा मंजूर झाला तर त्यातून कमान, पेव्हर ब्लॉक, रंगीत लाईट, सेल्फी पॉईंट असलं काही करू नका, आधी चढायची वाट नीट करा आणि वरच्या पाण्याच्या टाक्यांमधला गाळ काढा. एवढी दोन कामं झाली तरी हा डोंगर धुळेकरांना पुढची कित्येक वर्षं पुरेल.

आता सविस्तर सांगते.

गावात हेमाडपंती धाटणीचं महादेवाचं जुनं मंदिर आहे, तिथूनच चढायला सुरुवात होते. मंदिराचे दगड बघूनच पोरं थांबतात, चुन्याशिवाय दगडावर दगड कसा बसवला हे विचारत बसतात, त्यामुळे तिथेच पंधरा मिनिटं जातात आणि ती जाऊ द्यावीत. पुढे पहिला टप्पा सोपा आहे, बाभळी, बोरी, हिवर, मधूनमधून पळस. फेब्रुवारीच्या शेवटाला आणि मार्चमध्ये गेलात तर पळस असा काही फुललेला असतो की उन्हाचा त्रास विसरायला होतो. चढणाऱ्याला तास-सव्वा तास लागतो, लहान पोरं बरोबर असली तर दीड धरा. फार अवघड काही नाही, हात टेकून चढावं असा कातळ नाही, दोर लागत नाही. म्हणूनच तर हा घरच्यांसोबत चढायचा डोंगर आहे, नुसता ट्रेकिंगवाल्या पोरांचा नाही.

अवघड आहे ती वाट, आणि ती डोंगरामुळे नाही झालेली. मूळ पायवाट वळणं घेत घेत जाते, जुन्या लोकांनी तशीच काढली होती कारण ओझं घेतलेला माणूस आणि जनावर सरळ उभं चढू शकत नाही. आता काय होतं, घाईवाले लोक वळणं तोडून सरळ वर जातात आणि येताना तर सरळ खालीच सुटतात, मग पाऊस पडला की पाणी तीच सरळ वाट धरतं, मुरूम वाहून जातो, ओघळ पडतो, पुढच्या वर्षी तो ओघळ गुडघाभर खोल होतो आणि मग कोणाला वाटतं हीच वाट आहे. अशा आता दोन-तीन वाटा एकमेकींना छेदत वर गेल्यात आणि सगळ्यांवर सुट्या खड्यांचा घसारा. चढताना एवढं कळत नाही, उतरताना कळतं. मागच्या वेळी आमच्यातल्या एकीची नववीतली मुलगी उतरताना घसरली, चांगले शूज होते तिच्या पायात, तरी पायाखालचे सुटे खडे गोट्यांसारखे सरकले आणि ती दहा-बारा फूट खाली गेली. बोरीच्या झुडपाने अडवलं म्हणून बरं झालं, हाताला काटे, कोपर सोललं, यावरच निभावलं. तिची आई त्या दिवसापासून परत यायला तयार नाही आणि मी तिला दोष देत नाही.

याला सिमेंटच्या पायऱ्या हा उपाय नाही हे मला मुद्दाम सांगायचंय. सिमेंटच्या पायऱ्या उन्हात तापतात, पावसात शेवाळतात, खालून पाणी गेलं की पोकळ होऊन तुटतात आणि तुटलेली सिमेंटची पायरी तर घसाऱ्यापेक्षा वाईट. करायचं काय तर जी जुनी वळणाची वाट आहे तीच परत मोकळी करायची, उताराला थोड्या थोड्या अंतरावर डोंगरातलेच दगड आडवे तिरपे बसवायचे म्हणजे पावसाचं पाणी वाटेवरून न धावता बाजूच्या गवतात निघून जातं, आणि शॉर्टकटच्या तोंडावर काटेरी फांद्या टाकून ते बंद करायचे, दोन पावसाळ्यात गवत त्यांना आपोआप भरून काढतं. शेतात बांधबंदिस्ती करणाऱ्या आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला हे काम समजवायची गरज नाही. लळिंग गावातल्याच लोकांना रोजगार हमीवर हे काम दिलं तर दगड डोंगरातला, हात गावातले, पैसा गावात. आणि वळणावळणावर दगडावर चुन्याचा बाण मारला तरी पुरे, लोखंडी बोर्ड लावले की त्यावर चार दिवसांत पोरांची नावं येतात.

आता पाणी. गडावर जाताना कातळात खोदलेली टाकी लागतात, काही उघडी, काही आत डोंगरात खोदून खांब ठेवलेली. पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला वाटतं गुहा आहे. आत वाकून बघितलं की खाली पाणी. हे खांब ठेवून आत खोदायचं कारण फार हुशारीचं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, उघड्यावरचं पाणी वाफ होऊन उडून जाणार, म्हणून पाणी सावलीत, डोंगराच्या पोटात साठवायचं, वर कातळाचंच छत. काळ्या पाषाणात छिन्नी मारून मारून हे केलेलं आहे, छिन्नीच्या तिरप्या रेघा अजून भिंतीवर स्पष्ट दिसतात, बोट फिरवलं तर लागतात. बाहेर ऊन मी म्हणत असताना त्या टाक्याच्या तोंडाशी बसलं की अंगावर गार हवा येते, आमची पोरं तिथून उठायलाच तयार नसतात.

आणि त्या पाण्यात काय आहे, तर गाळ, पालापाचोळा, वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या आणि एकदा तर अख्खी चप्पल तरंगत होती. पाण्यावर हिरवा थर. एका टाक्यात तर कोपऱ्यापर्यंत गाळ भरलाय, काठी घातली तर काठी उभी राहते, म्हणजे टाकं म्हणायला टाकं, पाणी मात्र वीतभर. दरवर्षी पावसात वरची माती वाहून आत येते, पूर्वी ती दरवर्षी काढली जात असणार, त्याशिवाय ही टाकी इतकी शतकं चाललीच नसती. खाली शेळ्या चारणारे एक बाबा भेटले होते, मला म्हणाले, "ताई, पानी लिसन जा, वर काही भेटाव नही," म्हणजे पाणी घेऊन जा, वर काही मिळणार नाही. त्यांच्या लहानपणी ते आणि त्यांच्या शेळ्या दोघंही त्याच टाक्याचं पाणी प्यायचे असं ते सांगत होते, आता शेळीसुद्धा वास घेऊन मागे फिरते. हे ऐकून मला खूप वाईट वाटलं आणि रागही आला.

रागाचं कारण असं की हा किल्ला म्हणजे कुठला आडबाजूचा पडका बुरूज नाही, आख्ख्या खान्देशच्या इतिहासातलं हे मुख्य ठिकाण आहे आणि आपल्याच पोरांना ते माहीत नाही. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला थाळनेर आणि करवंदचा मुलूख दिला, तिथून खान्देशावर राज्य करणारं फारुकी घराणं सुरू झालं. मलिक राजा १३९९ ला वारला, मग थाळनेर एका मुलाकडे आणि लळिंग दुसऱ्या मुलाकडे, नसीरखानाकडे. याच नसीरखानाने पुढे आसा अहिराकडून असीरगडचा किल्ला घेतला आणि बऱ्हाणपूर वसवलं. म्हणजे बऱ्हाणपूर व्हायच्या आधी खान्देशचा कारभार बघणारा माणूस या आपल्या डोंगरावर बसायचा. १४३७ ला बहमनी फौज चालून आली तेव्हा तो याच लळिंगच्या आश्रयाला आला आणि त्याच वर्षी वारला. आता विचार करा, खाली शत्रूची फौज, वर शेकडो माणसं आणि जनावरं, ती कशावर जगली असतील? याच टाक्यांवर. ज्या पाण्यावर एक राज्य टिकलं त्यात आपण वेफर्सची पाकिटं टाकतोय.

अजून एक सांगते, धुळेकरांनी हे ऐकायलाच पाहिजे. आज आपण लळिंगला धुळ्याजवळचं गाव म्हणतो पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत उलटं होतं, धुळे हे छोटं खेडं होतं आणि ते लळिंगच्या ताब्यात होतं, लळिंग हे मुख्य ठाणं. १८१८ ला पेशवाई गेली, १८१९ ला कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला जिल्ह्याचं ठिकाण केलं, सरळ रस्ते आखले, बाहेरून व्यापारी आणि कारागीर बोलावून वसवले आणि मग आपलं शहर वाढायला लागलं. ते आज २०० वर्षांनीही वाढतंच आहे. २००३ ला महापालिका झाली, मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन हायवे इथे भेटतात, २०२४ ला मनमाड-इंदूर रेल्वेलाही केंद्राची मंजुरी मिळाली आणि ती लाईन धुळ्यावरूनच जाणार आहे, साक्री रोड, नकाणे रोड, वाडीभोकर रोड, कुठेही जा, प्लॉट पडलेत, कॉलन्या उठल्यात. वाढू द्या, आमच्या पोरांना नोकऱ्या इथेच लागल्या तर आम्हाला पुण्याला डोळे लावून बसावं लागणार नाही. पण शहर वाढलं की माणसं वाढतात आणि माणसं वाढली की रविवारी डोंगरावर जाणारे पायही वाढतात. आज सुट्टीच्या दिवशी लळिंगला जेवढी गर्दी दिसते त्याच्या दुप्पट-तिप्पट गर्दी काही वर्षांत होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. आजची वाट तेवढे पाय सहन करणार नाही. म्हणून आत्ताच म्हणते.

वर पोचल्यावर काय दिसतं तेही लिहिते म्हणजे ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांना जावंसं वाटेल. पडका दरवाजा, तटबंदी, त्यातल्या जंग्या म्हणजे मारा करायची भोकं, वाड्यांचे चौथरे आणि ललितामातेचं छोटं मंदिर. देवीला नमस्कार करून तटाच्या सावलीत बसायचं आणि डबे उघडायचे. दशम्या, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कोणी कळण्याची भाकरी आणते, थंडीचे दिवस असले तर हमखास भरीत. खाली हायवे, त्यावर मुंगीएवढे ट्रक, टोलनाका, घाटाचं वळण, आणि दुसऱ्या बाजूला धुळं पसरलेलं. हवा स्वच्छ असली तर उत्तरेला लांब सोनगीरचा डोंगर ओळखू येतो. आपल्या धुळे-नंदुरबार पट्ट्यात जमिनीतून भिंतीसारख्या वर आलेल्या लांबच लांब काळ्या दगडी रांगा आहेत, बऱ्याच जणांना त्या कोणीतरी बांधलेल्या वाटतात. त्या बांधलेल्या नाहीत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वर आला तेव्हा जमिनीच्या भेगांमध्ये तो थिजला, नंतर आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेला आणि ती भिंत उघडी पडली. भूगर्भशास्त्रवाले बाहेरून हे बघायला येतात. आमच्या पोरांना भूगोलाच्या पुस्तकात हे कळलं नसतं ते वर बसून दहा मिनिटांत कळलं. शाळांच्या सहली वॉटरपार्कला जातात, जाऊ द्या, पण वर्षातून एक सहल इथे काढायला काय हरकत आहे, बसचा खर्चही फारसा नाही.

कुरणाबद्दल लिहिलं नाही तर हे पत्र अर्धवट राहील. लळिंगचं कुरण म्हणजे गवताळ जंगल, अंजन, सालई, धावडा आणि उंच गवत, त्यात मोर आणि लांडोर भरपूर, पावसाळ्यात धबधबा. तिथेच लांडोर बंगला, १९३७ साली बाबासाहेब आंबेडकर कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते तेव्हा तिथे थांबले होते, म्हणून दरवर्षी ३१ जुलैला तिथे हजारो लोक येतात. ती जागा किती मोलाची आहे हे वेगळं सांगायला नको. पण थंडी संपली की हेच गवत वाळून सोनेरी होतं आणि एका काडीने पेटतं. कोणी बिडी टाकतं, कोणी चूल मांडून तशीच सोडून जातं, कोणी मुद्दाम लावतं की नवीन पालवी लवकर फुटेल. वणवा लागला की जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचं सगळं जातं, सरपटणारे जीव जळतात, आणि उताराचं गवत गेलं की पहिल्या पावसात उघडी माती थेट वाहायला लागते. ती जाते कुठे? खाली ओघळात आणि वर टाक्यांत. म्हणजे वाट, पाणी आणि गवत हे तीन वेगळे विषय नाहीतच, एकाचं बिघडलं की तिघांचं बिघडतं. मागच्या रविवारी वरून बघितलं तर एका उतारावर मोठा काळा डाग दिसत होता, नुकताच जळलेला, जवळ गेलो तर राखेत लांडोरीच्या अंड्याची भाजलेली कवचं होती का कसली ते ओळखू आलं नाही, पण कोणत्यातरी पक्ष्याचीच होती. पोरं गप्प झाली. वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा पट्टा ठेवतात ती जाळरेषा वेळेवर काढणं आणि फेब्रुवारी ते मे पायथ्याला एक माणूस बसवणं, काडेपेटी-लायटर खाली ठेवून घेणारा, एवढं तरी व्हावं.

कचऱ्याचं मला सोपं वाटतं. वर कचराकुंडी ठेवूच नका, कारण ती रिकामी करायला वर कोण चढणार, आणि भरली की माकडं आणि वारा मिळून ती डोंगरभर करतात. जेवढी पाकिटं वर नेली तेवढी खाली आणायची. पायथ्याला गावातल्या बचत गटाच्या बायकांना एक टपरी चालवायला द्यावी, जाताना बाटली-पाकिटं मोजून थोडं डिपॉझिट घ्यायचं, येताना परत द्यायचं. त्याच टपरीवर ताक, लिंबू सरबत, भाकरी-ठेचा मिळाला तर लोक बाहेरचं पाकीटबंद आणणारही नाहीत.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं. जुलै ते फेब्रुवारी जा, एप्रिल-मे मध्ये जाऊच नका, आपलं ऊन माणसाला आडवं करतं आणि वर सावली फार नाही. सकाळी सहाला पायथ्याशी असावं, अकराच्या आत खाली. माणशी दोन-तीन लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे कारण बोरी-बाभळी सोडत नाहीत. पावसात तटाच्या कडेला उभं राहून रील काढू नका, दगड सुटे आहेत. वळणाच्या वाटेनेच चढा आणि वळणाच्या वाटेनेच उतरा, दहा मिनिटं जास्त लागतील. टाक्यात पाय धुऊ नका, पोरांना दगड टाकू देऊ नका.

आता माझी शेवटची आणि मुख्य विनंती. डोंगराचा काही भाग वनखात्याचा, किल्ला पुरातत्त्ववाल्यांचा विषय, पायथा ग्रामपंचायतीचा, आणि येणारी गर्दी महापालिका हद्दीतली. आम्ही एकदा टाक्याच्या गाळाबद्दल विचारायला गेलो तर एका ठिकाणी सांगितलं दुसरीकडे जा, दुसरीकडे सांगितलं अर्ज लिहून आणा, अर्ज दिला, पुढे काही कळलं नाही. आपल्या मनाने जाऊन खोदकाम केलेलं चालत नाही हे आम्हाला माहीत आहे आणि ते बरोबरच आहे, जुन्या टाक्यात कोणीही टिकाव मारत सुटलं तर खांबच पडायचे, गाळात जुनं काही सापडलं तर ते नीट नोंदवलंही गेलं पाहिजे. राज्यात कितीतरी किल्ल्यांवर दुर्गप्रेमी मंडळी परवानगी घेऊन, जाणकार माणूस उभा करून टाकी साफ करतात, तसंच इथेही होऊ शकतं. टाकी एप्रिल-मे मध्ये सगळ्यात खाली गेलेली असतात, गाळ काढायचे दिवस तेच, पाऊस लागला की वर्ष गेलं. आमच्या कॉलनीतून पंधरा-वीस माणसं, घमेली आणि पावडी घेऊन पहाटे पाचपासून सकाळी नऊपर्यंत रोज यायला तयार आहेत, बायकाही आणि आमची मोठी पोरंही, पैसे कोणी मागत नाही. लळिंगच्या बाबांनीही गावातली माणसं जोडून देतो असा शब्द दिलाय.

तेव्हा संबंधित खात्यांपैकी ज्यांच्या अधिकारात हे येतं त्यांनी आपल्या पेपरमधून एवढंच जाहीर करावं की परवानगीचा अर्ज नेमका कोणत्या ऑफिसात, कोणत्या टेबलावर द्यायचा आणि देखरेखीला त्यांचा माणूस कोणत्या तारखेपासून येऊ शकेल. त्या तारखेला आम्ही हजर असू.

आपली,
एक वाचक,
देवपूर, धुळे